शिष्यवृत्ती मिळाली, पुढच्या वर्षी राहील का?

जुलै संपत आला की जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यातल्या कॉलेजांच्या कार्यालयाबाहेर शिष्यवृत्तीची गर्दी सुरू होते. नगरदेवळा, पिंपळगाव हरेश्वर, वरखेडी, कुऱ्हाड अशा गावांतून एसटीने आलेली मुले-मुली प्लास्टिकच्या फायलीत दाखले घेऊन उभी असतात. जरा थांबून ऐकले तर दोन प्रकारचे प्रश्न कानी पडतात. नुकताच बारावी झालेला मुलगा विचारतो, "मला कोणती स्कॉलरशिप बसते?" दुसऱ्या वर्षाची मुलगी विचारते, "सर, एक विषय राहिलाय. यंदा रिन्युअल होईल का?" पहिल्या प्रश्नावर माहितीपत्रके निघतात, मेळावे होतात, वर्तमानपत्रांत चौकटी येतात. दुसऱ्याचे उत्तर बहुधा खिडकीमागचे बाबूच देतात आणि त्या उत्तरावर मुलीचे पुढचे वर्ष ठरते.

हा आढावा त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. एकदा मिळालेली शिष्यवृत्ती किंवा फी सवलत शिक्षण संपेपर्यंत कोणत्या अटींवर टिकते, त्या अटी कुठून आल्या, त्यांच्या बाजूने आणि विरोधात काय म्हटले जाते आणि काय अजून सुटलेले नाही, हे क्रमाने पाहू.

अटींचा मागचा प्रवास

सशर्त मदत ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी करार झाला आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट त्यात होती. शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपल्यावर १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून आंबेडकरांना परतावे लागले. तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले. मदत सुरू होणे आणि ती अखेरपर्यंत पुरणे यांतले अंतर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात असे दिसते.

१९४४ मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि दलित मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधी मिळावा हा त्यांचा आग्रह होता. ही योजना पुढे आदिवासी आणि नंतर इतर मागास विद्यार्थ्यांपर्यंत गेली. कॉलेजांच्या बोलीत ती आजही 'भारत सरकार' किंवा 'जीओआय' म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी सवलत आली. तिचे नाव इतके रुजले की २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या अर्जालाही लोक 'ईबीसीचा फॉर्म' म्हणतात.

गेल्या दहा वर्षांत तीन मोठे बदल झाले. २०१७-१८ पासून राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आल्या आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला आणि खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के ठरवला. जुलै २०२४ मध्ये राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत दिली. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांबरोबर आधीपासून शिकत असून अर्जाचे नूतनीकरण करणाऱ्या मुलींचाही त्यात समावेश आहे. म्हणजे लाभ मोठा झाला, तसा तो गमावण्याचा फटकाही मोठा झाला.

पात्रता आज कशावर टिकते

योजना अनेक आहेत, पण टिकण्याच्या अटी पाच गटांत बसतात.

पहिली अट निकालाची. भारत सरकार शिष्यवृत्तीत नापास झालेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षाचा लाभ मिळतो, पण वरच्या वर्गात जाईपर्यंत पुढचा भत्ता थांबतो. एटीकेटीचे काय, हा खिडकीवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. विद्यापीठाच्या नियमानुसार एखादा विषय राहूनही विद्यार्थी वरच्या वर्गात गेला असेल तर त्या वर्गासाठी तो हक्कदार ठरतो, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या काळापासून आहे. आजारपणामुळे किंवा अकल्पित प्रसंगामुळे परीक्षा हुकली तर वैद्यकीय दाखला किंवा पुरेसा पुरावा देऊन, संस्थाप्रमुखांच्या समाधानाने, नूतनीकरण करता येते हेही त्यांत सांगितलेले आढळते. ही वाट ठाऊक असलेले विद्यार्थी थोडे, आणि वापरणारे त्याहून थोडे. बारावीच्या गुणवत्तेवर मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती मात्र कडक आहे. तिथे दर वर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

दुसरी अट हजेरीची. शाहू महाराज योजनेत पहिले वर्ष सोडून आधीच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी हवी. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांना राहण्या-जेवणाची रक्कम देणारी स्वाधार योजना ७५ टक्के मागते. एकाच बाकावरच्या दोन मुलांना दोन वेगळे आकडे सांभाळावे लागतात, ते असे.

तिसरी अट खंडाची आणि वाट बदलण्याची. शाहू महाराज योजनेत शिक्षणक्रमात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. भारत सरकार योजनेत एक टप्पा पुरा करून त्याच टप्प्यावरचे दुसरे शिक्षण, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम., घेणाऱ्याला शिष्यवृत्ती नाही.

चौथी अट उत्पन्नाची. अनुसूचित जातींसाठी मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. कुटुंब ती ओलांडते तेव्हा विद्यार्थी एकदम बाहेर पडत नाही. राज्याच्या 'फ्रीशिप'मध्ये त्याचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क भरले जाते, पण निर्वाह भत्ता जातो. इतर प्रवर्गांत मर्यादांचे आकडे आणि लाभाचे प्रकार निराळे आहेत. त्यामुळे 'उत्पन्न वाढले तर काय' या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

पाचवी अट कागदांची आणि खात्याची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक शिक्षणासाठी जात वैधता प्रमाणपत्र, रेशन कार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, आणि आधारशी जोडलेले चालू बँक खाते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून दरवर्षी सेतू केंद्राची फेरी चुकत नाही.

या पाचव्या अटीचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. तांड्यावरून येणारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. सगळे विषय सुटलेले, हजेरी उत्तम. तिचा अर्ज 'परत' आला होता, कारण गुणपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत पुसट होती. दुरुस्तीचा संदेश गेला तो वडिलांच्या जुन्या मोबाइल नंबरवर. ते सिम त्यांनी केव्हाच बंद केले होते. ती फेब्रुवारीत विचारायला आली तेव्हा दुरुस्तीची मुदत उलटून गेली होती. फाइलमधून तिने मूळ गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली. एकेक अक्षर स्वच्छ वाचता येत होते. तिच्यासारख्या कला-विज्ञान शाखेच्या, घरून ये-जा करणाऱ्या पदवी विद्यार्थ्याला अनुसूचित जातींच्या भारत सरकार योजनेत मिळणारा निर्वाह भत्ता वर्षाला तीन हजार रुपये आहे. ज्या घरात एसटीचा सवलतीचा पासही मोजून काढला जातो, तिथे तीन हजार ही वर्षभराच्या प्रवासाची आणि वह्या-पुस्तकांची तजवीज असते.

अटी हव्यात, असे म्हणणारे

अटींच्या बाजूने तीन युक्तिवाद आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा. मागील दशकात राज्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील गैरव्यवहारांची चौकशी झाली. पटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, अशा प्रकारांनी खऱ्या गरजूंचा निधी खाल्ला. हजेरी, आधार, थेट खाते या अटी त्या अनुभवातून घट्ट झाल्या. समाजकल्याणच्या कामात वर्षे घालवलेले लोक सांगतात की अट सैल झाली की पहिला फायदा विद्यार्थ्याचा होत नाही, कागदोपत्री संस्था चालवणाऱ्याचा होतो.

दुसरा प्रोत्साहनाचा. पुढच्या वर्षाची रक्कम निकालावर अवलंबून आहे हे ठाऊक असले की विद्यार्थी परीक्षा गांभीर्याने घेतो, असे अनेक प्राध्यापक मानतात. हजेरीची अट नसेल तर प्रवेश घेऊन दिवसभर दुसरीकडे काम करणाऱ्यांची संख्या वाढते, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे.

तिसरा न्यायाचा. पैसा मर्यादित आहे. एका विद्यार्थ्यावर पाच-सहा वर्षे खर्च करायचा, की तोच पैसा दोघांना द्यायचा? मुदत आणि खंडाच्या अटी या प्रश्नाला दिलेले उत्तर आहेत.

गरज पाहा, गुण नंतर, असे म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात की ही मदत बक्षीस आहे की आधार. गुणवत्तेसाठी दिलेली शिष्यवृत्ती गुण घसरले म्हणून थांबली तर ते तर्काला धरून आहे. पण गरिबीसाठी दिलेली मदत नापास झाल्यावर थांबते तेव्हा गरिबी तशीच राहिलेली असते. भत्ता गेला की मूल अधिक तास कामाला जाते, हजेरी आणखी घटते आणि पुढची परीक्षा आणखी अवघड होते.

खानदेशात या म्हणण्याला हंगामाचा आधार आहे. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास जोर धरते, आणि पहिल्या सत्राचा शेवट व परीक्षा त्याच आठवड्यांत येतात. घरचा कापूस असला तरी वेचायला माणसे मिळत नाहीत. घरचा नसला तर किलोमागे मिळणारी मजुरी सोडवत नाही. त्या दिवसांत वर्गातली जी बाके रिकामी दिसतात ती बहुतांशी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांचीच असतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर, चोपडा भागातल्या तडवी, भिल्ल, पावरा मुलांचेही तेच. सण, लग्ने आणि मजुरीचे स्थलांतर यांचे त्यांचे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

या बाजूचा आणखी एक मुद्दा पहिल्या वर्षाचा आहे. मराठी माध्यमातून बारावी विज्ञान करून इंजिनीअरिंगला किंवा फार्मसीला जळगाव, धुळे, शिरपूरला गेलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकांशी जुळवून घेताना पहिल्या वर्षात एक-दोन विषय राहणे नवलाचे नाही. तीच दोन सत्रे पार झाली तर पुढे तो सावरतो. हेच जाणून केंद्राच्या जुन्या सूचनांत वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या वरच्या गटासाठी पहिल्या अपयशाला माफी होती. दुसऱ्यांदा नापास झाल्यास मात्र वरच्या वर्गात जाईपर्यंतचा खर्च विद्यार्थ्याने स्वतः करायचा होता. तशी मोकळीक बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला का नको, असे हे लोक विचारतात.

अटींपेक्षा अंमलबजावणीकडे बोट दाखवणारे

तिसरा प्रवाह कॉलेजांतले शिष्यवृत्तीचे कारकून, समन्वयक प्राध्यापक आणि विद्यार्थी संघटनांचे कार्यकर्ते यांचा आहे. त्यांच्या मते अटी बऱ्याच अंशी योग्य आहेत. मुले गळतात ती वेळापत्रकात. विद्यापीठाचा निकाल लांबतो, गुणपत्रिकेशिवाय नूतनीकरण होत नाही, पोर्टलची मुदत मात्र चालू असते. अर्ज कॉलेज, मग जिल्हा कार्यालय, असा चढत जातो. मंजूर रक्कम हप्त्यांनी येते. त्यात विद्यार्थ्याने पोर्टलवर 'रिडीम' केले नाही, किंवा बँकेने व्यवहार नाहीत म्हणून खाते गोठवले, तर पैसा अडतो.

आणि पैसा उशिरा आला की कॉलेजचा प्रश्न उभा राहतो. विनाअनुदानित संस्थेचा पगार फीवर चालतो. शिष्यवृत्तीधारकाकडून आधी फी मागू नये असे शासनाचे आदेश आहेत, तरी थकबाकीसाठी कागद अडवल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. फी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याच्या पद्धतीने त्यात भर पडली. एकीकडे विद्यार्थ्याला हक्काची रक्कम दिसते, संस्थेच्या दावेदारीला लगाम बसतो. दुसरीकडे, घरात दवाखाना निघाला आणि ती रक्कम खर्च झाली, तर तो संस्थेचा देणेकरी होतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

बाहेरचा अनुभव

अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' दाखवावी लागते. त्यात गुणांची सरासरी, घेतलेल्या श्रेयांकांपैकी किती पुरे केले याचा वेग, आणि अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या १५० टक्के एवढी कमाल मर्यादा मोजली जाते. दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाअखेर साधारण 'सी' श्रेणीची सरासरी लागते.

आपल्या चर्चेला उपयोगी पडते ती त्यापुढची रचना. सत्रागणिक तपासणी करणारी संस्था कमी पडलेल्या विद्यार्थ्याला आधी इशारा देऊन एक सत्र मदत चालू ठेवू शकते. मदत थांबल्यावर नातेवाइकाचा मृत्यू, आजारपण अशा कारणांसाठी अपील करण्याची सोय संस्था ठेवू शकते. अपील मान्य झाले तर विद्यार्थी परिवीक्षेवर राहतो आणि गरज असेल तर सावरण्याचा आराखडा आखला जातो.

तरीही तिथला वाद मिटलेला नाही. लॉरेन शुडे आणि जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांवर या नियमाचा परिणाम अभ्यासला. सुरुवातीला परिणाम संमिश्र दिसतात, काही जण अधिक अभ्यास करतात तर काही शिक्षण सोडतात. सहा वर्षांनी पाहिले तर प्रतिकूल परिणाम वरचढ ठरतात. खर्च वाचतो, पण त्याची किंमत आधीच मागे असलेल्यांच्या वाट्याला अधिक येते. हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण तिथली कॉलेजे आणि श्रेयांक पद्धती वेगळी आहे. पण अट घातल्यावर तिचा परिणाम वर्षानुवर्षे मोजायचा असतो, हा धडा घेण्याजोगा आहे.

काय सुटलेले नाही

पहिले, उत्पन्नाची मर्यादा. अनुसूचित जातींची अडीच लाखांची मर्यादा २०१३-१४ पासून तशीच आहे. महागाई आणि मजुरी वाढत गेली. संसदीय समित्यांनी शिष्यवृत्तीच्या मर्यादा वाढवण्याची शिफारस केली. मर्यादा वाढवली तर लाभार्थी वाढतील आणि त्याच निधीत प्रत्येकाचा वाटा घटेल की निधीही वाढेल, हे ठरलेले नाही. शेतकऱ्याचे उत्पन्न एका वर्षी केळीने वर जाते आणि पुढच्या वर्षी गारपिटीने खाली येते. एका वर्षाचा दाखला त्याचे खरे चित्र देतो का, हा त्याच्याच पोटातला प्रश्न.

दुसरे, नवे शैक्षणिक धोरण. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. विद्यार्थी मध्येच बाहेर पडू शकतो, श्रेयांक जमा ठेवून परत येऊ शकतो, असे धोरण सांगते. शिष्यवृत्तीचे नियम मात्र खंडाकडे अजून संशयाने पाहतात. धोरणाने दिलेली परतीची वाट शिष्यवृत्तीने अडवायची की मोकळी करायची, याचा मेळ बसायचा आहे.

तिसरे, हजेरीचा अर्थ. पन्नास की पंचाहत्तर, हा आकड्याचा वाद सोपा. हंगामात बुडालेल्या तासांची भरपाई जादा वर्गांनी करून ती हजेरीत धरावी का, हा अवघड. सवलतीच्या नावाखाली खोट्या नोंदी होण्याची भीतीही खरी आहे.

चौथे, सूचना आणि दाद. गैरहजेरी वाढत असताना, अर्ज परत आला असताना, खाते बंद पडले असताना विद्यार्थ्याला वेळेत आणि त्याच्या भाषेत कोण कळवणार? आणि कळले तर तालुक्याच्या गावी दाद कोणाकडे मागायची? आजारपण आणि अकल्पित प्रसंगांची तरतूद सूचनांत आहे, पण ती चालवणारी ठरलेली पद्धत कॉलेजपातळीवर क्वचितच दिसते.

पाचवे, मोजदाद. किती अर्ज मंजूर झाले हे दरवर्षी सांगितले जाते. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांपैकी तिसऱ्या वर्षीही ती किती जणांकडे राहिली, आणि ज्यांची गेली ती निकालामुळे, हजेरीमुळे, उत्पन्नामुळे की पुसट कागदामुळे, हे निदान तालुकावार मांडलेले दिसत नाही. या लेखातले तिन्ही पक्ष आपापल्या अनुभवावर बोलतात, ते बरेचसे यामुळेच. ही माहिती पोर्टलमध्ये अर्जागणिक साठत असते. ती काढून मांडायला नव्या निधीची फारशी गरज नाही.

सगळ्या बाजू ऐकल्यावर एक गोष्ट सर्वांना मान्य असल्याचे जाणवते. अटी कडक असाव्यात म्हणणाऱ्यालाही पुसट स्कॅनपायी हुशार मुलीचा भत्ता जावा असे वाटत नाही. गरज पाहा म्हणणाऱ्यालाही पटावरच्या खोट्या नावांना पैसे जावेत असे वाटत नाही. मतभेद उरतो तो मधल्या मुलांबद्दल: जे खरे आहेत, गरजू आहेत आणि एका वर्षी कमी पडले आहेत. त्यांना किती वेळा आणि कोणत्या अटीवर पुन्हा संधी द्यायची, यावर शासन, विद्यापीठ आणि कॉलेजे यांनी एकत्र बसून लिहिलेला नियम हवा, आणि तो खिडकीबाहेर मराठीत लावलेला हवा. तोपर्यंत "एक विषय राहिलाय, रिन्युअल होईल का?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी खिडकीमागे कोण बसले आहे यावर ठरत राहील.